सहावी दुरुस्ती

छपाईच्या दुकानात त्या सकाळी भांडण जुंपलं होतं, आणि भांडणाच्या मुळाशी होते तेहतीस मिलिमीटर.

ती आपल्या नकाशांची गुंडाळी न्यायला आली होती. आत पाऊल टाकते तो काय — काउंटरभर एक लांबलचक कागद पसरलेला, त्यावर स्टीलची पट्टी आडवी टाकलेली आणि पट्टीवर ओणवा झालेला एक उंच, सडपातळ माणूस. केसांत लाकडाचा भुसा, कानामागे चपटी पेन्सिल, कपाळावर ठसठशीत आठी.

"काका, अकराशे पाहिजे होते. तुमच्या यंत्रानं एक हजार सदुसष्ट दिलेत. मोजा तुम्हीच."

"मी कशाला मोजू?" छपाईवाले काका शांतपणे चष्मा पुसत म्हणाले. "तुम्ही फाइल दिलीत, मी बटण दाबलं. यंत्र काय कागद खातं?"

"खातं. तेहतीस मिलिमीटर खाल्लेत."

"मग त्यालाच विचारा, गोड लागले का."

तिला हसू आवरलं नाही. त्या माणसानं वळून पाहिलं. रागावलेलीच नजर होती, पण तिच्यावर येऊन क्षणभर अडखळली... जशी करवत गाठीपाशी अडखळते.

"बघू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कागदावर वाकली. आधी कागदाची कडा बोटानं चाचपली, मग चौकटीची रेघ, मग पुन्हा कडा.

"यंत्राचा दोष नाही. ही चौकट बघा, कागदाच्या अगदी काठाला चिकटून काढलीय. कुठलंही यंत्र काठापर्यंत छापत नाही, चारी बाजूंनी थोडी पट्टी कोरी सोडतंच. चौकट कापली जाऊ नये म्हणून काकांनी 'कागदात बसवा' हे बटण दाबलं. चौकट बसली आत, आणि तिच्यासोबत आतलं सगळंच्या सगळं तीन टक्के आक्रसलं."

"हां," काका म्हणाले. "मी तेच सांगत होतो."

"ज्यानं कुणी ही चौकट काढलीय ना," ती आता रंगात आली होती, "त्यानं आयुष्यात स्वतः कधी कागद छापलेला नाही. आणि हा टायटल ब्लॉक... कोपऱ्यातला माहितीचा तक्ता. कामाचं नाव, प्रमाण, तारीख, एवढंच लिहायचं असतं इथे. याला भोवती वेलबुट्टी? नकाशा आहे की लग्नपत्रिका?"

काकांनी खोकून घेतलं.

"मी काढलीय," तो माणूस म्हणाला.

"...वेलबुट्टी पण?"

"वेलबुट्टी पण."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "छान आहे," ती म्हणाली. "वेलबुट्टी छान आहे. जागा चुकली."

आणि मग तो हसला. आठी गेली, आणि आठीच्या जागी एक वेगळाच माणूस उभा राहिला.

तो जिने करणारा होता. लाकडी जिने, त्यांचे कठडे, कठड्यांची वळणं. संगणकावर वळण आखायचं, खऱ्या मापात छापायचं, कागद थेट लाकडावर चिकटवायचा आणि रेघेवर करवत चालवायची, अशी त्याची कामाची रीत. कालच तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरी कठडा बसवायला गेला होता, आणि कठडा वरच्या मजल्याच्या खांबापर्यंत पोचलाच नव्हता.

"बाई काय म्हणाल्या सांगू?" तो म्हणाला. "म्हणाल्या, मी तुमची कवळी दोन बोटं आखूड बसवली तर चालेल का तुम्हाला?"

आता काकाही हसले. ती गुंडाळी काखेत मारून निघाली. दारात पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"तुम्ही करून द्याल? चौकटी, टायटल ब्लॉक, सगळं. नीट. आमच्या कारखान्यासाठी."

तिनं वळून पाहिलं. त्यानं पट्टी दोन्ही हातांत धरली होती.

"करीन," ती म्हणाली. "पण माझ्या पद्धतीनं."

*

तिच्या पद्धतीला एक इतिहास होता.

सहा वर्षं तिनं एका मोठ्या कार्यालयात नकाशे काढले होते. तिथल्या तक्त्यात 'आरेखन' या शब्दापुढे साहेबांच्या नावाची आद्याक्षरं कायमची कोरलेली असत. रेघ हिची, रात्रंदिवस डोळे हिचे फुटायचे, आणि नाव त्यांचं. एकदा तिनं विचारलं होतं, "इथे माझं नाव घालायला जागा ठेवली तर?" साहेब म्हणाले होते, "टेम्प्लेटला हात लावायचा नाही."

म्हणून तिनं टेम्प्लेटवर प्रभुत्व मिळवलं. टेम्प्लेट म्हणजे कोरा नमुना. त्यात चौकट, तक्ता, रेघांची जाडी, अक्षरांची उंची, सगळं आधी ठरलेलं असतं. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं कार्यालय. दोन महिन्यांपूर्वी तिनं राजीनामा दिला आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. बाबा तिला लहानपणापासून 'काटकोन' म्हणत, कारण ती कुठेच वाकत नसे. राजीनाम्याचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "काटकोन, मागे भिंत आहे ना टेकायला? मग बस."

आणि आता तिच्यासमोर एक दार उघडं होतं. चार तासांच्या अंतरावर, नदीच्या मुखाशी, होड्या बांधणारा एक कारखाना होता. त्यांना आपल्या सगळ्या नकाशांची घडी नव्यानं बसवून हवी होती. सहा महिन्यांचं काम, आणि प्रत्येक पानावर तिचं नाव. अट एकच: तीस तारखेच्या आत स्वतःच्या नावावर पूर्ण केलेलं एखादं काम दाखवायचं. ते ज्यानं वापरलं त्याच्या सहीसकट.

जिनेवाल्याचं काम हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. तारीख होती सात.

*

जिन्यांचा कारखाना म्हणजे एक लांब, उंच छताची खोली. एका टोकाला रंधायंत्र, दुसऱ्या टोकाला काचेच्या आडोशात संगणक, आणि मधे कुठेच न पोचणारे अर्धवट जिने. हवेत भुसा तरंगत असे, आणि खिडकीतून ऊन आलं की तो सोन्याचा होई.

कारखाना चालवी ती त्याची ताई. वयानं दहा वर्षांनी मोठी, हातानं दुप्पट मोठी. पहिल्याच दिवशी तिनं पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू ती वेलबुट्टीला लग्नपत्रिका म्हणणारी?"

"हो, ताई."

"बरं झालं. दोन वर्षं मी म्हणतेय, माझं कुणी ऐकत नाही."

"ताई, माझी बाजू कुणी घेणार आहे का इथे?" जिनेवाला म्हणाला.

"तुझी बाजू तीन टक्के लहान आहे. दिसतच नाही."

त्या दिवसापासून तिच्या मोबाइलमध्ये त्याचं नाव 'तीन टक्के' असं पडलं.

पहिला नमुना तिनं चार दिवसांत आणला. मोठ्या कागदापासून लहानापर्यंत पाच आकार. चौकट कडेपासून आत, यंत्राला श्वास घ्यायला जागा ठेवून. डावीकडे फाइलला लावण्यासाठी जास्तीची पट्टी. उजव्या कोपऱ्यात तक्ता, आणि तक्त्यात रिकामी घरं. ग्राहक, काम, प्रमाण, तारीख. आरेखन. तपासणी. संगणकावर घरावर टिचकी मारली की प्रश्न विचारला जाई, उत्तर लिहिलं की ते नेमक्या जागी नेमक्या उंचीचं होऊन बसे. चौकटीच्या खालच्या रेघेवर तिनं बरोबर शंभर मिलिमीटरची एक छोटी पट्टी आखली होती, काळी-पांढरी, काळी-पांढरी.

"ही कशाला?"

"छापून आलेल्या कागदावर आधी हिच्यावर तुमची स्टीलची पट्टी ठेवायची. शंभर भरले तर करवत हातात घ्यायची. सत्त्याण्णव भरले तर काकांशी भांडायला जायचं."

तो पट्टीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "हे एवढंसं काळं-पांढरं आधी असतं," तो म्हणाला, "तर माझा कठडा वाचला असता."

"आणि मी तुम्हाला भेटले नसते," असं ती बोलून गेली... आणि मग चटकन संगणकाकडे वळून एक बंद असलेली फाइल पुन्हा बंद करायला लागली.

त्यानं नकाशा पुढे ओढला. पण 'तपासणी'च्या घरात सही करण्याऐवजी त्यानं पेन्सिल काढली आणि कागदाच्या कडेला लिहिलं: अक्षरं लहान. चष्म्यावर भुसा असतो.

खरं होतं. तिनं अक्षरं मोठी केली. पहिली दुरुस्ती.

दुसऱ्यांदा त्यानं लिहिलं: आमच्याकडे फाइल नाही, खिळा आहे. तिनं मान वर करून बघितलं, तर खरंच, भिंतीवर ओळीनं खिळे आणि खिळ्यांवर टांगलेले नकाशे. जास्तीची पट्टी डावीकडे नव्हे, वर हवी होती. तिला स्वतःचाच राग आला. चार वेळा या खोलीत येऊन आपण भिंतीकडे पाहिलंच नाही? कुठे पाहत होतो आपण... या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तिनं तो अर्ध्यावरच सोडला. डावीकडची पट्टी तिनं वर नेली. दुसरी दुरुस्ती.

तिसऱ्यांदा, लाकडाची जात आणि शिरांची दिशा लिहायला घर नव्हतं. चौथ्यांदा, कागद घडी घातल्यावर तक्ता आत दडत होता, तो वर दिसायला हवा होता. पाचव्यांदा तर तो नकाशाबरोबर लाकडाची एक फळीच घेऊन आला. फळी छान चौकोनी कापलेली, पण ती काय आहे हे कळेना.

"हे काय?"

"तुमची चौकट," तो गंभीरपणे म्हणाला. "रेघ एवढी जाड आहे की आमच्या एका कारागिराला वाटलं, हीच कापायची. कापली. जिन्याची पायरी मधे होती, ती तशीच राहिली."

ती हसली ती हसतच सुटली. पार खुर्चीला धरून. तोही हसला. रंधायंत्राजवळून ताईनं दोघांकडे बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात गुणगुणायला लागली:

"रंधा गं फिरतो, भुसा गं उडतो,
सांगाया आलेला, दारात अडतो..."

"ताई, यंत्र सुरू कर," तो म्हणाला.

"सुरूच आहे," ताई म्हणाली. "तुझं बंद पडलंय."

तिनं चौकटीची रेघ बारीक केली. त्या दिवशी घरी जाताना वाटेत भुरभुर पाऊस लागला. तो नकाशांची नळी पोचवायला थांब्यापर्यंत आला होता. छत्री एकच, आणि तीही तिच्यावर कमी आणि नळीवर जास्त.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली.

"मी वाळतो. कागद फुगतो."

"म्हणजे काळजी कागदाची?"

"कागदावर नाव कुणाचं आहे?"

सहा वर्षांत एवढं सरळ वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. थांब्याच्या पत्र्यावर पाऊस टपटपत होता, आणि तिच्या आत कुठेतरी तेच चाललं होतं.

"होडीवाल्यांकडे मिळालं काम," त्यानं विचारलं, रस्त्याकडे बघत, "तर किती दिवसांसाठी जायचं?"

"सहा महिने. राहायची सोयही तेच करतायत. तुमची सही झाली की कळवायचं."

"हं," तो म्हणाला. गाडी आली. त्यानं नळी तिच्या हातात दिली, आणि ती सोडायला त्याला जरा उशीर झाला.

*

सहावी दुरुस्ती सत्तावीस तारखेला आली.

कागदाच्या कडेला तेच तिरकं, ठाम अक्षर: खिळ्याची जागा वर नको. डावीकडे घ्या.

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग टेबलाच्या खणातून दुसऱ्या दुरुस्तीचा कागद काढला आणि शेजारी ठेवला.

बाबा समोर चहा घेत होते. "काय झालं?"

"काही नाही. एक माणूस गोल फिरतोय."

"काटकोनापाशी आलं की फिरतात तसे," बाबा म्हणाले.

ती दोन्ही कागद घेऊन निघाली. चालताना तिच्या डोक्यात एकेक घर आपोआप भरत गेलं. अक्षरं खरी होती, खिळा खरा होता, घडी खरी होती. पण ही? ही खरी नव्हती. आणि खरी नाही, तर का?

दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले. तो एकटाच एका कठड्याला पॉलिश कागदानं घासत बसला होता. तिनं दोन्ही नकाशे त्याच्यासमोरच्या पायऱ्यांवर अंथरले, एक वरच्या, एक खालच्या.

"वाचा."

त्यानं वाचलं. हातातला पॉलिश कागद थांबला.

"दुसरीत म्हणालात वर घ्या. सहावीत म्हणता डावीकडे घ्या. भिंतीवरचे खिळे हलले का मधल्या काळात?"

"नाही."

"मग?"

त्यानं पॉलिश कागद बाजूला ठेवला.

"चौथीपर्यंत खरं होतं," तो म्हणाला. "पाचवीही खरी होती, फळीची शपथ. पाचवीनंतर... काहीच चूक सापडेना. दोन दिवस शोधली. सही करायला पेन उचललं, आणि मनात आलं, ही सही केली की तुम्ही गेलात."

खिडकीतून आलेल्या उन्हात भुसा तसाच तरंगत होता. तिच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि त्यात सुख होतं, तिला ते पक्कं कळलं. पण सुखाच्या पाठोपाठ राग आला, आणि तो सुखाला बाजूला सारून पुढे येऊन उभा राहिला.

"म्हणजे माझं काम तुम्ही कुलपात घातलंत, आणि वर माझ्यावर जीव आहे म्हणता?"

"जीव आहे असं अजून म्हणालो नव्हतो."

"आता म्हणालात."

"हो," तो हळूच म्हणाला. "आता म्हणालो."

"सहा वर्षं एक माणूस माझ्या कामावर स्वतःचं नाव घालत होता. तुम्ही माझ्या कामावर तुमचं नाव घालत नाही. माझ्या जागेवर उभं राहून बघा. दोघांत फरक काय आहे?"

तो उठून उभा राहिला. चेहरा पार उतरला होता. त्यानं खिशातून पेन काढलं, पाच दुरुस्त्या झालेला तो खालचा कागद ओढला आणि 'तपासणी'च्या घरावर हात नेला.

तिनं कागद मागे घेतला.

"नको."

"अहो, करतोय ना सही..."

"लाजेपोटी केलेली सही मला नको. दयेपोटीची नको, आणि त्या... दुसऱ्या कशापोटीची तर मुळीच नको." ती थांबली, श्वास घेतला. "डॉक्टरीणबाईंचं वळण अजून बाकी आहे ना? माझ्या पानावर छापा. माझ्या पानावरून कापा. बसलं, तर सही. नाही बसलं, तर सातवी दुरुस्ती खरी, आणि तीस तारीख गेली तर गेली."

"तीनच दिवस आहेत."

"मला मोजता येतं."

त्यानं पेन खिशात टाकलं. मग बाही दुमडायला लागला. "ताईला सांगतो, आजपासून मला हाक मारू नकोस म्हणून," तो म्हणाला.

*

काकांच्या दुकानात या वेळी भांडण झालं नाही. तिनं स्वतः यंत्रासमोर उभं राहून एकास एक मापात छापायला लावलं. काकांचं बोट सवयीनं दुसऱ्या बटणाकडे वळलं, तर तिनं नुसतं "काका" म्हटलं. बोट परत आलं. कागद बाहेर पडला, आणि जिनेवाल्यानं काळ्या-पांढऱ्या पट्टीवर स्टीलची पट्टी टेकवली.

"शंभर," तो म्हणाला.

"मोजलंत नीट?"

"तीन वेळा."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती कारखान्यात होती, पण त्याच्या टेबलाजवळ गेली नाही. काचेच्या आडोशाला बसून उरलेल्या चार आकारांचे नमुने तपासत राहिली. काचेपलीकडे तो कागद चिकटवत होता, करवत चालवत होता, कानसत होता. एकदा नजरानजर झाली. दोघांनी एकाच वेळी खाली बघितलं. ताई चहाचे दोन पेले घेऊन मधे उभी राहिली.

"तुमचं दोघांचं काय चाललंय ते मी विचारत नाही," ताई म्हणाली. "फक्त एवढं सांगा, चहा एकाच टेबलावर ठेवू की दोन?"

"दोन," ती म्हणाली.

"दोन," तो काचेपलीकडून म्हणाला.

"निदान यावर तरी एकमत आहे," ताई म्हणाली.

*

एकोणतीस तारखेला सकाळी वळण डॉक्टरीणबाईंच्या घरी गेलं. कारागिरांना दुसरीकडे काम होतं, म्हणून एक टोक त्यानं धरलं आणि दुसरं तिनं. रस्त्यानं चालताना लोक बाजूला होऊन वाट देत होते. दोघांच्या मधे ते गुळगुळीत, वळलेलं लाकूड. त्यामुळे जवळही येता येईना आणि लांबही जाता येईना. त्या वाटेवरच तिनं मनाशी एक गोष्ट ठरवली. वळण बसलं, सही झाली, आणि मग हा माणूस 'थांब' म्हणाला, तर ती नाही म्हणणार होती. कितीही वाटलं, तरी. आणि वाटणार होतं, हे तिला आत्ताच कळत होतं.

डॉक्टरीणबाई जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या.

"या वेळी पोचणार आहे का वरपर्यंत?"

"पोचेल," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"हे ज्या कागदावरून कापलंय, तो कागद माझा."

बाईंनी भुवई उंचावली, पण वाटेतून सरकल्या.

त्यानं खालचं टोक खालच्या कठड्याला भिडवलं. तिनं वरचं टोक उचलून धरलं. वळण खांबाकडे झुकलं, झुकलं... आणि खाचेत शिरलं. आवाज एवढासा, कपाट हलकेच लागावं तसा. तो वर आला, गुडघ्यावर बसला, जोडावरून अंगठा फिरवला. मग तिचा हात धरून तिचा अंगठा तिथे फिरवला. तिला जोड लागलाच नाही.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्यांवर माझा भरवसा नाही."

त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली. दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा. त्याचा हातभर तुकडा तोडला, दोन्ही बोटांना गुंडाळला आणि वाकून जोडाच्या रेघेवर दाबला. डावीकडून. उजवीकडून. पुन्हा डावीकडून. दोरा आत जाईना.

"हं," बाई सरळ होत म्हणाल्या. "माझ्या हातची कवळीही एवढी घट्ट बसत नाही." आणि चहा टाकायला आत निघून गेल्या.

जिनेवाल्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाच दुरुस्त्यांनंतरचा नकाशा. घडी उघडण्याआधीच तक्ता वर दिसत होता. 'आरेखन'पुढे तिचं पूर्ण नाव होतं. त्यानं कागद मांडीवर ठेवला, पेन काढलं, आणि 'तपासणी'च्या घरात सावकाश, एक अक्षरही न गाळता, आपलं नाव लिहिलं. तारीख घातली. मग कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"ही कशापोटी, ते विचारा," तो म्हणाला.

"कशापोटी?"

"दोरा गेला नाही म्हणून."

तिनं कागद घेतला. सही वाचली. होडीवाल्यांना पाठवायला मोबाइलवर फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दुसरा काढला. पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: मिळाला. पहिल्या तारखेला या.

ती पायरीवर बसली. तो दोन पायऱ्या खाली बसला. खालून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता.

"मिळालं," ती म्हणाली.

"मिळणारच होतं."

"आता तुमचं माझ्याकडे काही काम उरलं नाही, आणि माझं तुमच्याकडे. तुम्हाला काही विचारायचं असलं..." तिनं सहीच्या कागदाची घडी घातली, "...तर आता विचारा."

त्यानं हातावरच्या केसांतला भुसा झाडला. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ती त्या एका शब्दाची वाट बघत होती, ज्याला तिला नाही म्हणायचं होतं. 'नाही' तिच्या ओठांशी तयार उभं होतं, आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं.

"होडीवाल्यांच्या गावाला जाणारी," तो म्हणाला, "रविवारची पहिली गाडी किती वाजता असते?"

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो कठड्याकडे बघत होता, पण कान लाल झाले होते.

"सहा चाळीस," ती म्हणाली. फारच पटकन. आणि आपण ते आधीच बघून ठेवलंय हे त्याला कळलं, हे तिलाही कळलं.

"पोचते कधी?"

"पावणेअकराला."

"आणि परतीची?"

"पाच दहा." ती थोडं थांबली. सरकून एक पायरी खाली आली, त्याच्या वरच्याच पायरीवर. "त्यानंतर अजून एक आहे. साडेसातची."

"मग साडेसातची," तो म्हणाला.